व्हिडिओ किती करायचे ते नंतर, आधी तोंडी परीक्षेचे तास मागा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. नाव-गाव छापू नये ही विनंती. आमच्याकडे बी.ए. आणि बी.कॉम. मिळून पहिल्या वर्षाला 180 मुलं आहेत. निम्म्याहून जास्त मुली, बहुतेक एसटीने येणाऱ्या. सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडतात. विद्यापीठाने सगळ्या कॉलेजांकडून ‘एआयच्या काळातलं ऑनलाइन शिक्षण’ यावर प्रस्ताव मागवला आहे आणि प्राचार्य सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. वरून आलेल्या सूचना अशा : प्रत्येक विषयाचे व्हिडिओ करा, ऑनलाइन चाचण्या घ्या, एआयने लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर घ्या. इकडे माझ्या टेबलावर साठ असाइनमेंट पडल्यात, त्यातल्या चाळीस एकाच तोंडवळ्याच्या. एका मुलाला विचारलं तर म्हणे, “मॅडम, लिवलं त्यानं, पन वाचलं त म्याच न!” हसावं की रडावं कळेना. तासिका तत्त्वावरचे माझे सहकारी विचारतात, एकदा आमचे व्हिडिओ झाले की आम्हाला कोण विचारणार? प्रस्तावात काय लिहू? आणि जाता जाता एक घरचा प्रश्न. माझा भाचा कॉलेज सोडून कुठल्या तरी खासगी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घ्यायची म्हणतोय. घेऊ द्यावी का?

— एक प्राध्यापिका

उत्तर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या त्या विद्यार्थ्याचं उत्तर मला बेहद्द आवडलं. पोरगं खरं बोललं, आणि वरून ‘वाचलं’ असा दावाही केला. तो दावा खरा की खोटा हे तपासायला कुठलंही सॉफ्टवेअर नको. त्याला समोर बसवून सहा मिनिटं बोलतं करा, लगेच कळेल. तुमच्या प्रस्तावाचा कणा मला इथेच दिसतो. विद्यापीठाकडे जो काही पैसा असेल तो मजकूर तयार करण्यात आणि मजकूर पकडण्यात न घालता मुलांचं ऐकून घेणाऱ्या माणसांवर खर्च करावा, असं स्पष्ट लिहा.

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 ला लोकांसमोर आलं. नीटनेटका, मुद्देसूद, कुठल्याही विषयावरचा मजकूर तेव्हापासून फुकट झाला. 2025 मध्ये तर एअरटेलने पर्प्लेक्सिटीची आणि जिओने जेमिनीची एरवी पैसे मोजून घ्यावी लागणारी एआय सेवा ग्राहकांना मोफत देऊ केली. विद्यापीठाची समिती बसायच्या आधी एआय रिचार्जसोबत गावात शिरलं होतं. त्यामुळे वापरू द्यावं की न द्यावं, यावर बैठकीत वेळ घालवू नका. घरून लिहून आणलेल्या आठ पानांवरून मुलाला काय येतं हे आता ओळखता येत नाही, एवढं मान्य करून पुढे चला. (पूर्वी तरी कुठे नीट ओळखता यायचं म्हणा. मागच्या वर्षीच्या ताईची वही आणि झेरॉक्सचं दुकान यांनी अनेकांना पदवीपर्यंत पोचवलं आहे.)

आधी त्या पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचं बोलू, कारण तिथे पैसे जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असं एक साधन काढलं होतं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम 26 टक्के ते बरोबर ओळखायचं, हे कंपनीनेच सांगितलं होतं. अचूकता कमी पडते म्हणून सहा महिन्यांत, जुलै 2023 मध्ये, ते बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंधांवर या साधनांनी सरासरीने ‘यंत्राने लिहिलं’ असा शिक्का मारला. कारण मोठं विचार करण्यासारखं आहे. साधी वाक्यं, मोजका शब्दसंग्रह, ठरावीक रचना दिसली की यंत्राला ते यंत्राचं लिखाण वाटतं. आता तुमच्या वर्गातली मुलगी आठवा : घरी वऱ्हाडी, शाळेत मराठी, आणि बी.कॉम.ला इंग्रजीत उत्तर. ती प्रामाणिकपणे लिहील आणि सापडेलही तीच. चलाख मुलगा एआयलाच सांगेल, ‘थोडं चुकीचं, पोरासारखं लिही’, आणि सुटेल. सॉफ्टवेअरच्या असल्या शिक्क्याच्या भरवशावर कुणाचे गुण कापले आणि पालक दारात आले, तर प्राचार्यांकडे दाखवायला काहीही नसेल. ही बाब प्रस्तावात जशीच्या तशी घाला.

मग मूल्यमापन कसं करायचं? इथे जरा थांबू, कारण बाकीचं यावर उभं आहे.

तुमच्या 180 मुलांची प्रत्येकी सहा मिनिटं धरा. 1080 मिनिटं होतात, म्हणजे 18 तास. सत्रात दोनदा घ्यायचं म्हटलं तर 36 तास. चार जणांत वाटले तर माणशी नऊ तास. ऐकायला डोंगर वाटतो, पण साठ सारख्या असाइनमेंट तपासण्यात तुमचे आत्ताच किती तास जातात ते मोजून बघा. त्या तपासणीतून तसंही काही कळत नाही. प्रस्तावात हे गणित मांडा आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तोंडी परीक्षेचे तास कामाचे तास म्हणून मिळावेत, त्यांचं मानधन निघावं, अशी मागणी करा. हे काम सेवाभावाने करून घेतलं तर पुढच्या सत्रापासून ते कागदावरच होईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तोंडी म्हणजे व्याख्या पाठ म्हणून दाखवणं असू नये. मुलाने आणलेल्याच पानांवर बोट ठेवून विचारायचं : हा आकडा कुठून आणलास? हे वाक्य तुझ्या घरच्या भाषेत सांग. भाव पाचशेने पडला असता तर तुझा निष्कर्ष बदलला असता का? वऱ्हाडीत उत्तर दिलं तर पूर्ण गुण. बुजऱ्या मुलींना एकेकटीने बोलवण्याऐवजी दोघींना सोबत बसवा, प्रश्न वेगवेगळे द्या. दोन शिक्षक असले तर उत्तम, म्हणजे ‘मॅडमचा राग होता’ ही तक्रार येत नाही. आणि एआयची मदत घेतली हे ज्याने स्वतःहून सांगितलं त्याचा त्यासाठी एक गुणही कापू नका. कापला की पुढच्या वेळी सगळे लपवतील.

असाइनमेंटचे विषयही बदलावे लागतील. ‘भारतीय शेतीच्या समस्या’ हा विषय द्याल तर चाळीस सारखी उत्तरं येणारच, आणि खरं सांगू, तो विषयच तेवढ्या उत्तराच्या लायकीचा आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्राने जो नवा पदवी आराखडा आणला त्यात फिल्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेला उपक्रम आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेतच. बहुतेक ठिकाणी ते फायली भरण्यापुरते उरलेत. तिथे हात घाला.

तुमच्या अर्थशास्त्राचंच उदाहरण घेऊ. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल ठरला. हमीभावाने खरेदीसाठी ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या आत लागतो. मुलांना सांगा, आपल्या गावातल्या पाच घरांच्या बाजार समितीतल्या हिशेबपट्ट्या बघून या. कोणत्या तारखेला विकलं, काय भाव पडला, ओलाव्याच्या नावाने किती कापलं, हमाली-तोलाई किती गेली, पैसे हातात कधी पडले. घरच्यांनी खरेदी केंद्रावर नोंदणी केली होती का? केली नसेल तर का? मग एआयला विचारा : ‘हमीभाव असताना शेतकरी त्याहून कमी भावात सोयाबीन का विकतो?’ ते झकास उत्तर देईल. त्यातलं कोणतं वाक्य आपल्या पाच पट्ट्यांशी जुळतं आणि कोणतं जुळत नाही, ते शोधायचं. असाइनमेंट म्हणजे हे जुळवणं. पट्टीचा फोटो, शेतकऱ्याचं नाव झाकून, सोबत जोडायचा.

या कामात एआयची बंदी नाही, उलट ते लागतंच. पण ज्या मुलीच्या बापाने कर्जाचा हप्ता भरायचा म्हणून ऑक्टोबरातच, ओला माल, मिळेल त्या भावात दिला, तिला जे माहीत आहे ते एआयला माहीत नाही. आपल्याला ठाऊक असलेलं काही तरी या हुशार यंत्राच्या उत्तरात सुटलंय, हे तिला पहिल्यांदा कळेल. अर्थशास्त्राची आवड तिथूनच लागली तर लागेल.

विज्ञान शाखेचे सहकारी विचारतील, आमचं काय? कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे वासाने पतंगांना ओढणारे सापळे, लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली असं धरतात. प्राणिशास्त्राच्या मुलांनी महिनाभर आपल्याच वावरातल्या सापळ्यातले पतंग मोजावे, रोजचा आकडा ग्रुपवर टाकावा, आणि आठाची ती मर्यादा कशी ठरत असेल यावर तोंडी उत्तर द्यावं. आकडे घरबसल्या रचता येतील, कबूल. पण वीस मुलांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की रचलेले आकडे आपोआप वेगळे दिसतात. फारच गुळगुळीत असतात ते!

आता व्हिडिओ. माझा व्हिडिओला विरोध नाही, व्हिडिओच्या टार्गेटला आहे. तुमच्या अभ्यासक्रमातले बरेच विषय केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर आधीच आहेत. ते व्यासपीठ 2017 पासून चालू आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंतचे विषय त्यावरून करून त्याचे श्रेयांक घेता येतात. आयआयटीच्या प्राध्यापकाने सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवलेलं असताना तेच पुन्हा तुमच्या कॉलेजच्या पडद्यासमोर, पंखा बंद करून, घामाघूम होत रेकॉर्ड करायची गरज नाही. आणि नुसत्या मांडणीला आता एआयही पुरतं.

एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची एक गोष्ट मात्र प्रस्तावात आवर्जून लिहा. शिकणं पूर्ण ऑनलाइन आणि फुकट. घरून सोडवायच्या असाइनमेंटना 25 टक्के वजन आणि केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यायच्या परीक्षेला 75 टक्के. शिकवायला इंटरनेट चालेल, पण प्रमाणपत्र द्यायच्या वेळी माणूस समोर हवा, हे त्यांनी चॅटजीपीटी यायच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. घरून द्यायच्या ऑनलाइन चाचण्यांचा जो आग्रह तुमच्याकडे धरला जातोय, त्याला एवढं उदाहरण पुरे. चाचण्या घ्या, पण सरावासाठी, गुण न देता.

नुसते व्हिडिओ आणि चाचण्या देऊन मुलांना सोडून दिलं की काय होतं, याचा एक जुना धडा आहे. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटी या कंपनीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केले. गाजावाजा प्रचंड झाला. पहिल्या सत्रात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण वर्गात बसलेल्यांपेक्षा बरंच खाली आलं आणि जुलैत विद्यापीठाने प्रयोग थांबवला. त्यात आधी एकदा नापास झालेली मुलं होती, शाळकरी मुलंही होती. म्हणजे ज्यांना मदतीची गरज जास्त, तीच आधी गळाली. तुमच्या एसटीने येणाऱ्या मुली या प्रयोगातल्या मुलांच्या जागी ठेवून बघा.

आपल्याकडे याचं उत्तर पूर्वीच सापडलं होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 चं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद, पण ती गंगा नुसत्या टपालाने सोडली नाही. तालुक्या-तालुक्यात अभ्यासकेंद्रं दिली, तिथे रविवारी तास, तिथे शंका विचारायला कुणी तरी. सगळी केंद्रं सारखी चालली नाहीत, हे आपण पाहिलंय. काही तर फॉर्म भरण्यापुरती उघडायची. पण कल्पना पक्की होती. तुमच्या कॉलेजने ऑनलाइनच्या काळातही अभ्यासकेंद्र व्हावं : वायफाय, दहा-बारा संगणक, इन्व्हर्टर, संध्याकाळी शेवटच्या गाडीपर्यंत उघडी असलेली एक खोली, आणि त्या खोलीत बसणारी व्यक्ती. स्टुडिओचा खर्च या खोलीवर करा. घरात एकच स्मार्टफोन आणि तो भावाच्या खिशात, अशा मुलीसाठी ‘ऑनलाइन शिक्षण’ याच खोलीत होतं.

व्हिडिओ करायचेच झाले तर दहा मिनिटांचे करा, आणि मुलं जिथे हटकून अडतात तेवढ्याच जागांचे. मागणीची लवचीकता आणि मागणीरेषेचा उतार यात दरवर्षी गोंधळ होतो ना? तेवढाच करा. त्याहून बरं म्हणजे नुसता आवाज. तासाभराचा साधा ऑडिओ 15 एमबीच्या आत बसतो, तेवढ्याच व्हिडिओला काहीशे एमबी लागतात. कापूस वेचताना कानात ऑडिओ ऐकता येतो, व्हिडिओ कोण बघणार?

यावरून आणखी एक. ऑनलाइन कधी, हे विद्यापीठाच्या वेळापत्रकाने ठरवू नये, हंगामाने ठरवावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोंगणी आणि वेचणी असते, तेव्हा तीन-चार आठवडे वर्ग ओस पडतात हे तुम्हीच लिहिलंय. दरवर्षी होतं, तरी दरवर्षी आपण त्याला गैरहजेरी म्हणतो. ते आठवडे अधिकृतपणे ऑनलाइन ठेवा : ऑडिओ, फिल्ड प्रोजेक्टच्या नोंदी, आठवड्यातून एकदा शिक्षकाचा साधा फोन. आणि उरलेल्या काळात वर्ग पूर्ण भरवा. अशी मागणी शहरातल्या कॉलेजांकडून जाणारच नाही. ती तुमच्याकडूनच गेली पाहिजे. पेरणीच्या वेळी, जूनअखेर-जुलैत, प्रवेशाची कागदपत्रं गोळा करायची मुदतही त्याच सुरात मागून घ्या.

आता एआय कुठे वापरायचं ते. तुर्कस्तानात 2023 मध्ये जवळपास हजार शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. काही मुलांना सराव करताना साधं चॅटबॉट दिलं, काहींना शिक्षकांनी बेतलेलं, म्हणजे उत्तर न सांगता फक्त पुढची पायरी सुचवणारं. साधं चॅटबॉट वापरणाऱ्यांचा सराव 48 टक्क्यांनी सुधारला. मग परीक्षेत ते काढून घेतलं, तर ती मुलं ज्यांनी कधीच एआय वापरलं नाही त्यांच्यापेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. इशारे देणाऱ्या चॅटबॉटच्या मुलांचा सराव दुपटीहून जास्त सुधारला आणि परीक्षेत नुकसान जवळजवळ झालं नाही. सध्या तुमच्या मुलांच्या हातात आहे ते पहिल्या प्रकारचं. दुसऱ्या प्रकारचं प्रत्येक कॉलेजला एकेकट्याने करणं अवघड आहे. हेच खरं विद्यापीठाचं काम. अभ्यासक्रमातल्या टिपणांवर चालणारा, मराठीत बोलणारा, उत्तर न देता प्रश्न विचारणारा एक मदतनीस विद्यापीठाने सगळ्या कॉलेजांसाठी मिळून करावा, हे प्रस्तावात ठळक घाला.

आणि त्याला एक पूर्वअट जोडा, जी ऐकून समितीतले लोक चकित होतील. विद्यापीठाची परिपत्रकं बघा. अर्धी स्कॅन केलेली, तिरकी, शिक्का बरोबर मजकुरावर. तुमच्या-माझ्या पिढीची टिपणं कृतिदेव नाही तर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये. यंत्राला कृतिदेवमधला मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. परिपत्रकं, अभ्यासक्रम, टिपणं आणि जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणल्याशिवाय मराठी मदतनीस उभा राहणार नाही, आणि घाईने उभा केला तर मनाने नियम रचून सांगेल. काम कंटाळवाणं आहे, उद्घाटनाची फीत त्याला लागत नाही, म्हणून ते होत नाही. ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांना द्या, दोन सुट्ट्यांत बरंच उरकेल.

मदतनीस उभा राहिला की सुरुवात कार्यालयीन प्रश्नांपासून करा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात 2016 साली प्राध्यापक अशोक गोयल यांनी ‘जिल वॉटसन’ नावाचा मदतनीस ऑनलाइन वर्गात ठेवला होता. आधीच्या सत्रांत मुलांनी विचारलेल्या हजारो प्रश्नोत्तरांवर तो तयार केला होता आणि मुख्यतः नेहमीचे, त्याच त्याच स्वरूपाचे प्रश्न निपटायचा. तुमच्याकडे असे प्रश्न कोणते? परीक्षेचा फॉर्म कधी, एटीकेटी कशी लागते, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज परत का आला, फेरतपासणीची फी किती. यासाठी मुली पन्नास रुपये मोडून तालुक्याला येतात आणि ‘साहेब जेवायला गेले’ ऐकून परत जातात. हे प्रश्न व्हॉट्सॅपवर मराठीत सुटले तर त्यांचा अख्खा दिवस वाचतो. आजपासून एक वही ठेवा आणि मुलं जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पुढे तो मदतनीस तयार करणाऱ्यांना या वहीइतकं मोलाचं दुसरं काही मिळणार नाही. मात्र मुलांची नावं, गुण, जातीचे दाखले कुठल्याही फुकट एआयमध्ये टाकू नका आणि कार्यालयालाही टाकू देऊ नका. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कॉलेजांनाही विचारणार आहे.

मराठीबद्दल एक सावधगिरी. एआयचं मराठी आता वाचनीय झालंय, पण ते बहुतेक छापील वळणाचं असतं. वऱ्हाडी विचारलं तर सोंग आणल्यासारखं बोलतं, आणि कोरकू किंवा कोलामी घरातल्या मुलाला तर तेही परकं. म्हणून कोणत्याही धोरणात शेवटी ‘माणसाशी बोला’ हे बटन हवंच, आणि त्या बटनामागे खरोखर फोन उचलणारा माणूस.

तुमच्या सहकाऱ्यांची भीती मी फेटाळणार नाही. ज्याचं काम नुसतं टिपण सांगणं आहे, त्याला धोका आहेच, आणि तो व्हिडिओने वाढेल. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी लेखी घ्या : हे व्हिडिओ किती वर्षं वापरणार, शिक्षक सोडून गेला तर काय, त्याच्या आवाजाची-चेहऱ्याची एआय प्रतिकृती करायची झाली तर त्याची संमती आणि मोबदला. तोंडी परीक्षा, सोंगणीतले फोन, फिल्ड प्रोजेक्टची देखरेख, अभ्यासकेंद्राची खोली, हे सगळं माणसाशिवाय होत नाही. ते कामाच्या तासांत मोजलं गेलं तर तासिकावाल्यांचे तास वाढतील. मोजलं गेलं नाही तर मात्र त्यांची भीती खरी ठरेल. तेव्हा मानधनाची ओळ प्रस्तावाच्या शेवटी परिशिष्टात ढकलू नका, पहिल्या पानावर लिहा. आणि समितीला नुसता कागद देऊ नका. तुमच्याच वर्गातल्या पंधरा मुलांची सहा-सहा मिनिटांची तोंडी आधी घेऊन बघा आणि लेखी गुण व तोंडी गुण शेजारी मांडून न्या, नावं काढून. त्या दोन रकान्यांतला फरक बघितल्यावर समितीत फार वाद होणार नाही.

भाच्याचं : खासगी विद्यापीठ म्हणून लगेच नाक मुरडू नका, पण जाहिरातीवरही जाऊ नका. पूर्ण पदवी ऑनलाइन द्यायची तर यूजीसीच्या 2020 च्या नियमावलीतली पात्रता आणि मान्यता लागते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, नेमका तोच अभ्यासक्रम आणि नेमकं तेच प्रवेशसत्र आहे का ते त्याच्याबरोबर बसून बघा. प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे त्याच विभागाकडचा विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, न मागणाऱ्या दलालाला तिथेच रामराम करा. मग एक प्रश्न त्या विद्यापीठाला फोन करून त्यानेच विचारावा : परीक्षा कुठे आणि कशी होते? ‘घरबसल्या, टेन्शन नाही’ असं गोड आवाजात सांगितलं, तर फी भरू नका. आणि तो तीन वर्षं रोज सकाळी दोन तास स्वतःहून बसणारा आहे का, हे तुमच्यापेक्षा त्याच्या आईला जास्त नीट सांगता येईल. तिला विचारा.